बुद्धासमोर पाय

हात्सुएबाईंना आधी वाटलं, आपल्याला बसल्या जागी लघवी झाली.

देऊळ गच्च भरलेलं. बाहेर बर्फ, आत शेगड्यांची ऊब, आणि व्यासपीठावर केइजुन बुवांचा सूर नुकता कुठे लागलेला. वर्षातून एकदाच येणारं हे गायलेलं प्रवचन. त्यासाठी हात्सुएबाई वर्षभर जीव धरून असत. गुडघे मुडपून त्या टाचांवर बसल्या होत्या आणि उजव्या घोट्याखाली काहीतरी कोमट पसरत चाललं होतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. सत्तरी उलटलेल्या बाईला दुसरी शंका तरी कुठली यावी? आसन जांभळं, किमोनो काळा. कुणाला दिसायचं नाही. फक्त हलायचं नाही, बस्स.

"सांगा बरं," बुवांनी आलाप अर्ध्यावर ठेवून विचारलं, "आपला अमिदा बुद्ध उभा का? एवढं मोठं कमळ दिलंय बसायला!"

लोक हसले. बुवांचा आवाज हळूच खाली आला. "लेकरू गोठलेल्या तळ्यावर चालत निघालंय. पायाखाली बर्फ तडकतोय. आई बसून राहील का हो?"

"नामू अमिदा बुत्सु," सगळ्या देवळातून नाम उमटलं. हात्सुएबाईंचे ओठही हलले, पण आवाज फुटला नाही. डोळ्यांपुढे बुवांच्या दोन आकृत्या झाल्या होत्या.

"अगं, पांढरी फटक पडलीस की!" शेजारच्या तोकिएनं कोपर मारलं. "सकाळपासून देवळाच्या चुलीवर लाल चवळी ढवळतेयस, घासभर खाल्लीस तरी का? का सगळं पुण्य उपाशीपोटीच पाहिजे?"

"गप. ऐकू दे."

चवळी ढवळताना घोटा खाजत होता, हे मात्र त्यांना आठवलं. दुसऱ्या पायाच्या टाचेनं त्यांनी तो चांगला खसाखसा घासला होता. चाळीस वर्षं टोफूच्या दुकानात ओल्या फरशीवर उभं राहून पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या वेली चढल्या होत्या. आज सकाळी सून शिहो डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे घेऊन मागे लागली होती.

"आई, मोजे."

"त्यावर माझे देवळात घालायचे पांढरे तबी-मोजे चढत नाहीत. देवळात काय पाय कोंबून जाऊ?"

"डॉक्टर काय म्हणाले? शिरांमधल्या झडपा सैल झाल्यात. वर जायचं रक्त घोट्याशी साचतं. पोटरी हलली तरच ते वर ढकललं जातं. चाला, टाचा उचला, झोपताना पाय उशीवर घ्या. आणि तिथली कातडी कागदासारखी झालीय, तिला नख लावू नका."

"टोफू काय चालत चालत करायचा होता गं?" म्हणून त्यांनी मोजे कपाटात फेकले होते.

आता गरगरायला लागलं. इथे आडवं पडलं तर सगळे उचलायला येणार, आसन पाहणार. त्यापेक्षा गुपचूप बाहेर जावं. तोकिएच्या खांद्याला धरून त्या उठल्या आणि एक पाऊल टाकलं.

चटईवर लाल ठसा उमटला.

दुसरं पाऊल पडायच्या आत तोकिए किंचाळली. पांढरा तबी लालभडक झाला होता आणि वरून बारीक धार उडत होती. बुवांचा सूर तुटला. तोकिएनं गळ्यातला पंचा ओढला, हात्सुएबाईंना खांबाला टेकवून उभं केलं आणि पंचा गुडघ्याखाली करकचून आवळला. धार आणखी जोरात आली.

"सोडा ते!" मागे चहाच्या किटल्यांपाशी असलेली शिहो माणसं तुडवत धावली. "वर आवळलं की परतीची वाट बंद होते, सगळं जखमेतूनच येतं! आडवं करा त्यांना! पाय वर! कुणीतरी रुग्णवाहिका बोलवा!"

हात्सुएबाई पाठीवर निजल्या. शिहोनं कमरेला खोचलेला रुमाल घोट्यावर दाबला, पाय उचलला. समोर सोनेरी बुद्ध. हात्सुएबाईंनी गुडघा मुडपून पाय खाली ओढला. रुमाल भिजला.

"आई!"

"बुद्धाच्या तोंडासमोर पाय? मरेन, पण—"

"तेच होतंय! मरताय तुम्ही!"

शिहोनं पुन्हा उचलला, त्यांनी पुन्हा ओढला. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ त्या पायात आलं होतं. शिहोच्या बोटांतून रक्त गळत होतं.

तेवढ्यात बुवा व्यासपीठावरून उतरले. थेट येऊन बुद्धाकडे पाठ करून चटईवर बसले आणि हात्सुएबाईंची रक्तानं माखलेली टाच त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"आता समोर मी आहे. पाय मला लागतोय, काय दोष लागायचा तो मला." त्यांनी मानेनंच मागे खुणावलं. "आणि हा तर तुमच्याहून कितीतरी जास्त वर्षं उभा आहे, आजी. असले पाय त्याला काय नवे?"

तोकिएला रडता रडता हसू फुटलं. हात्सुएबाईंचा पाय सैल पडला.

"थांबलं का बघू?" कुणीतरी वाकलं.

"बघायचं नाही. दाब सोडायचा नाही," शिहो म्हणाली. बुवांनी टाच तशीच धरून हलक्या आवाजात पुढचं पद उचललं आणि सगळं देऊळ त्यांच्या मागून नाम घेऊ लागलं. त्या नामाला धरून शिहो दाबत राहिली. रुमालाचा लाल डाग वाढायचा थांबला, तरी तिनं हात काढला नाही.

रुग्णवाहिकेची माणसं आली. त्यांनी घट्ट पट्टी बांधली, पाय उशांवर उंच ठेवला, हात्सुएबाईंना उचललं.

"बुवा," त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "त्या लेकराचं काय झालं?"

"काय होणार? हात सोडवून घेत होतं. आईनं ऐकलं नाही."

हात्सुएबाईंनी शिहोकडे पाहिलं. तिच्या नखांत रक्त सुकलं होतं.

डोकं दाराकडे करून त्यांना बाहेर नेलं. उंबरठा ओलांडेपर्यंत उंच ठेवलेला तळवा बुद्धाकडेच होता. त्यांनी तो ओढून घेतला नाही.