धाव घ्यायला जागा

दुसऱ्या धडकेला पाशा मेंढ्याचं शिंग बुडापाशी तडकलं आणि रक्ताची चिळकांडी रुमेनाच्या बुटांवर उडाली. तरी गडी मागे सरला, कुंपणाला ढुंगण टेकेपर्यंत सरला, आणि मान खाली घालून पुन्हा सुटला. समोरून हैदुत आलाच. कपाळावर कपाळ आदळलं तशी गोठ्याच्या पत्र्यावरची कबुतरं भुर्रकन उडाली.

"बाबा, मधे जाऊ नका, गुडघा फुटेल. दारं आणा आधी. काका, तुम्ही पण."

पाशा तिच्या बापाचा, स्टामेनचा. हैदुत मोठ्या काकाचा, वल्चानचा. दोन कळप सकाळीच एका वाड्यात आले होते आणि ते आणण्यासाठी रुमेनाने अख्खा उन्हाळा डोंगराच्या या घरातून त्या घरात चपला झिजवल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात बर्फाने काकाचा गोठा बसला होता. इकडे बापाला एकट्याने लांडग्यांना पुरं पडणं जमत नव्हतं. आज फिसकटलं, तर थंडीच्या आत दोन्ही कळप खाटकाकडे जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण बोलायला तोंड कुणाला होतं? आजी गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात कुरणावरून मारामारी झाली, स्टामेनने वाइनची सुरई फेकून मारली, तेव्हापासून भावांमध्ये शब्द नव्हता.

दोघांनी जुनी दारं उभी धरून मेंढ्यांना दोन बाजूंनी रेटलं. होता होता दोन्ही मेंढे एका कोपऱ्यात असे कोंबले गेले, की शेपूट हलवायलाही जागा उरली नाही. एकमेकांचा वास लागू नये म्हणून रुमेनाने बादलीतला व्हिनेगर दोघांच्या नाकपुड्यांना चोळला.

"मेंढा डोक्याने मारत नाही, धावेने मारतो," ती धापा टाकत म्हणाली. शेतकी शाळेतलं दुसरं वर्ष होतं तिचं आणि ते अंगात मावत नव्हतं. "धाव घ्यायला जागाच ठेवायची नाही. रात्रभर ढकलाढकली करतील, सकाळी एका गव्हाणीत खातील. आमच्या बाई सांगतात."

"तुझ्या काकाला सांग," स्टामेन म्हणाला, "त्याचा मेंढा त्याच्यासारखाच आहे. आडून मारतो."

"तुझ्या बापाला सांग," वल्चान म्हणाला, "कुजक्या घरात शिंगंही कुजकीच निघतात."

"कुजकं कुणाचं घर? छप्पर कुणाचं बसलं?"

रुमेना मधे पडेपर्यंत स्टामेनची काठी फिरली होती. ती वल्चानच्या डाव्या कानावर बसली, कान फाटला, मानेवरून रक्त कॉलरमध्ये उतरलं. वल्चान डगमगला आणि सगळ्या अंगानिशी भावावर आला. कपाळ तोंडावर बसलं. स्टामेनने रक्ताबरोबर एक दात थुंकला आणि दुसरा तडाखा हाणला. तोही डावीकडूनच. तोही वल्चानने चुकवला नाही. मग काठ्या सुटल्या, हात गळ्याशी गेले आणि दोघं चिखलातून लोळत मेंढ्यांना औषध पाजायच्या फळ्यांच्या बोळापर्यंत आले.

रुमेना ओरडली नाही. दोघं एकमेकांना धरून बोळाच्या तोंडाशी उभे राहताच तिने पुढे होऊन बापाच्या पाठीत खांदा घातला. दोघं आत गेले. तिने सरकतं दार खाली पाडलं आणि अडसर घातला. दुसऱ्या टोकाचं दार बंदच होतं.

"रुमे, उघड."

"नाही."

"चामडी लोळवीन तुझी."

"लोळवा. आधी हात तर वर करा."

हात वर होत नव्हते. मेंढीच्या मापाच्या त्या बोळात दोन धिप्पाड पुरुष छातीला छाती लावून, एकमेकांच्या तोंडावर श्वास टाकत उभे होते. स्टामेनने डोकं आपटून पाहिलं, पण मागे घ्यायला जागाच नाही तर ते आपटणार कसं? वल्चानने गुडघा मारायचा प्रयत्न केला. फळ्या करकरल्या, इतकंच. रुमेनाने उरलेला व्हिनेगर वरून दोघांच्या डोक्यांवर ओतला. शिव्यांचा पाऊस पडला, मग खोकला, मग नुसती धाप.

तिने रिकामी बादली खाली ठेवली आणि अडसरावर हात ठेवला.

वल्चानच्या डाव्या गालात फळीचं कुसळ घुसलं होतं, डोळ्याच्या अगदी खाली. स्टामेन त्याच्याकडे बघत राहिला. मग कसाबसा एक हात फळीवरून घासत वर काढला. रुमेनाने अडसर घट्ट धरला. हात गळ्याकडे गेला नाही. दोन बोटांनी त्याने कुसळ उपटलं. व्हिनेगर ओघळून त्या डोळ्यात जात होता, तरी पापणी मिटली नाही. स्टामेनने अंगठा त्या डोळ्यासमोरून नेला. पुन्हा नेला.

"दादा," तो म्हणाला. "कधीपासून?"

"कशाचं कधीपासून?"

"दिसत नाही तुला इकडून."

"सुरई कुणी फेकली होती?"

शेजारच्या कोपऱ्यात मेंढे फुसफुसत होते.

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तू बोलत होतास का माझ्याशी?"

स्टामेनने तोंडातलं रक्त गिळलं. "रुमे, दार उघड," तो म्हणाला.

"बाई म्हणतात, सकाळपर्यंत..."

"उघड, बाळा."

तिने अडसर काढला. आधी वल्चान बाहेर आला, कानाला रुमाल लावून. मागून स्टामेन आला आणि चिखलातल्या दोन्ही काठ्या उचलू लागला, तशी रुमेना दोन पावलं पुढे झाली. त्याने एक काठी पँटला पुसली आणि भावाच्या हातात दिली.

बाकीच्या मेंढ्यांना ओढ्यावर न्यायची वेळ झालीच होती. वाट कड्याच्या काठाने उतरत होती. खाली दरीत झाडांचे शेंडे दिसत होते. वल्चान नेहमीसारखा पुढे निघाला, काठी डाव्या हातात, टोकाने काठ चाचपत. स्टामेन झपझप चालून त्याच्या डाव्या अंगाला आला आणि कडा आणि भाऊ यांच्या मधून चालू लागला.

"तिकडून कशाला मरतोस? जागा नाही तिथे," वल्चान म्हणाला.

"इकडे गवत बरं आहे."

काठावर नुसता मुरूम होता. वल्चान तसाच थोडा चालला. मग त्याने काठी उजव्या हातात घेतली.