मधल्या सुट्टीत बसायचं कुठे

हायस्कूलच्या जिन्याजवळ 'व्यसनमुक्त शाळा' ही अक्षरं शिक्षिका रंजनबेननी मे महिन्यात स्वतः उभं राहून रंगवून घेतली होती. ऑगस्ट उजाडेपर्यंत त्या अक्षरांवर माव्याच्या पिचकाऱ्यांचे तपकिरी ओघळ आले. बेननी दप्तरं तपासली, शपथ घ्यायला लावली, चित्रांची स्पर्धा घेतली. स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलाच्या खिशातच पुडी सापडली, तेव्हा त्यांना रडावं की हसावं कळेना.

आमच्या गुजरातेतल्या अमरेलीकडे मावा एकट्याने खायची वस्तूच नाही. सुपारी, चुना आणि तंबाखू प्लास्टिकच्या तुकड्यात घालून एकाने तळहातावर मळायचं आणि चौघांनी चिमूट चिमूट घ्यायचं. पुढे आलेल्या हाताला नाही म्हणणं म्हणजे त्या माणसालाच नाही म्हणणं.

मग शाळेत दातांचे डॉक्टर आले. त्यांनी प्रत्येक मुलाला तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये घालायला सांगितली. दहावीतल्या उमंगच्या तोंडात दोनही नीट जाईनात. पंधरा वर्षांचा हा पोरगा, वर्गात सगळ्यात मोठ्याने हसणारा. डॉक्टरांनी रंजनबेनना बाजूला घेऊन सांगितलं, की माव्याने तोंड आखडत जातं, आजपासून सोडलं तर आहे तेवढं तरी उघडत राहील. नाही सोडलं तर दोन-तीन वर्षांत भाकरीचा घासही जाणार नाही, आणि त्याच्या पुढचं, कॅन्सरचं, त्या पोराला आज सांगू नका.

बेननी उमंगकडून शब्द घेतला. अकरा दिवस त्याने तो पाळला. बाराव्या दिवशी बेननी त्याला प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं केलं आणि साऱ्या शाळेकडून टाळ्या वाजवून घेतल्या. त्यानंतरच्या सोमवारी तो त्यांना पाण्याच्या टाकीमागे दिसला. तिघा मित्रांच्या मधोमध बसून मावा मळत होता.

बाकीचे पळाले. रंजनबेनचा आवाज चढला, मग फाटला. शब्द दिला होतास ना, एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. उमंग अर्धवट उघडणाऱ्या तोंडाने पुटपुटला, "दिला होता, बेन. पण मधल्या सुट्टीत मी बसू कुठे?"

भिंतीपलीकडे जमुमासी माठ घासत होत्या. बावीस वर्षं शाळेचं पाणी त्याच भरतात. उमंग निघून गेल्यावर त्या पदराला हात पुसत आल्या.

"अकरा दिवस मी बघत होते, बेन. पाणी प्यायला यायचा आणि घंटा होईपर्यंत माठापाशीच उभा राहायचा. तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि पोरांनी त्याचं नाव 'डॉक्टरसाहेब' ठेवलं. मावा सोड म्हणालात, ते बरोबर. पण तो सोडायचा म्हणजे त्याला ते तिघे सोडावे लागतात, हे कुणी बघितलं?"

"मग मी काय करायचं, मासी? अख्खं गाव खातं."

"गावाचं राहू द्या. आठवीत असताना वजुभाई सरांनी त्याला पहिल्यांदा पानाच्या गल्ल्यावर पाठवलं ना, तेव्हा असा उड्या मारत गेला होता, जशी लॉटरी लागली."

वजुभाई गणिताचे शिक्षक, तालुक्यात नावाजलेले. त्यांचा मावा पानाच्या गल्ल्यावरून, म्हणजे टपरीवरून, आणायचा मान फक्त हुशार मुलाला मिळे, आणि चांगला मळून दिला तर त्यातलीच चिमूट बक्षीस. हे साऱ्या शाळेला माहीत होतं. एकदा तर रंजनबेननीच आपला तास चालू असताना एका मुलाला, जा, सर वाट बघतायत, म्हणून सोडलं होतं. दप्तरं तपासताना त्यांना हे कधी आठवलं नव्हतं!

शिक्षकांच्या खोलीत त्यांनी विषय काढला. वजुभाईंनी आधी आपल्या वर्गाचा निकाल सांगितला. मग म्हणाले, की आपण आजवर कुणाला खा म्हटलेलं नाही.

"खा म्हटलं नाहीत. मळायला शिकवलंत. आणि मी पोराला तासातून सोडलं."

"अहो बेन, तीस वर्षं खातोय. मला काय झालं?"

"मग तीन बोटं घालून दाखवा."

वजुभाईंनी हसत हात वर केला. तिसरं बोट दातांवर अडलं. त्यांनी मान तिरकी करून पुन्हा घालून पाहिलं. मग रुमालाने बोटं पुसून ते वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते टाकीमागे आले. चौघे दचकून उभे राहिले. सर खाली मातीतच बसले आणि घरच्या शेतातल्या भाजलेल्या शेंगांची पिशवी त्यांनी मधे ठेवली.

"माझी दोनच बोटं जातात," ते म्हणाले. "कालपासून खाल्लेला नाही. डोकं ठणकतंय, सकाळी फळ्यावर बेरीज चुकली. एकट्याने मला जमायचं नाही. बसा."

कुणी बसेना. मग उमंग बसला. मूठभर शेंगा सोलून त्याने दाणे तळहातावर घेतले आणि साल काढायला मळू लागला, अगदी तसाच, अंगठ्याने. फुंकर मारून त्याने हात पुढे केला. तिघा मित्रांनी आणि सरांनी, चौघांनीही घेतले.

दिवाळीपर्यंत उमंगने आणि त्याच्या दोघा मित्रांनी मावा पुरता सोडला होता. तिसरा अजून लपून खातो. वजुभाईंचा दोनदा तोल गेला, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते पोरांना आपल्या तोंडाने सांगितलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उमंग रोज आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरतो आणि बाकीचे मोजतात. अकराच्या तेरा झाल्या आहेत. तोंड पूर्वीसारखं उघडणार नाही, हे त्याला आता सांगितलेलं आहे. गल्ल्यावर मात्र कुठल्याही विद्यार्थ्याला कुणीही पाठवत नाही. भिंतीवरची अक्षरं बेननी पुन्हा रंगवली नाहीत.

आपण सारे मुलांना सोड, सोड म्हणतो, आणि आपल्याच हाताने त्यांना गल्ल्यावर धाडतो. पोरगं व्यसनाजवळ जातं ते बहुतेक वेळा चवीसाठी नव्हे, कुणाच्या तरी शेजारी बसायला मिळावं म्हणून. तेव्हा सोड म्हणण्याआधी, मंडळी, आपल्या शेजारी त्याच्यासाठी जागा करा.