घरीच बसून असते

उमरठच्या शाळेत पोषण आहार शिजवायला बाई हवी होती आणि मला ते काम हवंच होतं. नवरा ट्रकवर असतो. तो म्हणाला, "मुरारीला विचार, औषधांचे पैसे तो पाठवतो." मुरारी म्हणजे माझे धाकटे दीर. मुंबईहून सुट्टीला आले होते.

"काम करा ना वहिनी, पण आबांकडे कोण बघणार?" भावजी म्हणाले.

माझे सासरे आबा कमरेपासून अधू आहेत. त्यांच्या खाटेशी पोलादपूरचे त्यांचे जुने सोबती कुशाबा बसले होते. त्यांनी विचारलं, "सून काय करते रे?"

"काय नाय. घरीच बसून असते," आबा म्हणाले.

भावजींनीही मान डोलावली. माझं टाळकंच फिरलं. पडवीत पाट मांडला आणि खरंच बसले.

आबांनी चहा मागितला. भावजींनी केला, तो साखर घालून. आबांची साखर आधीच वाढलेली, तो ओतून द्यावा लागला. मग आबांना परसाकडं लागली. भावजींनी काखेत हात घालून उचललं, कुशाबा हात द्यायला वाकले आणि तिघेही खाटेवर आडवे झाले, सगळ्यांत खाली बिचारे कुशाबा.

"वहिनी, उठा की!"

"कशी उठू? मी बसून असते ना."

कसंबसं सगळं उरकल्यावर भावजींनी घाम पुसत महाडच्या एका एजन्सीला फोन लावला. तिथली बाई मोठ्या आवाजात सांगत होती, आमची बाई फक्त पेशंट बघेल, स्वयंपाक नाही, कपडे नाहीत, रात्रीला दुसरी बाई. पगार ऐकून भावजी उंबऱ्यावरच टेकले.

"आमच्याकडेच बायका कमी आहेत हो," ती म्हणाली. "म्हातारी माणसं उचलायची सवय असलेली कोणी आहे का? याच पगारावर घेऊ."

"आहे!" मी ताडकन उठले.

भावजींनी फोनच बंद केला. "वहिनी, शाळाच बेस्ट आहे! तेवढ्या वेळापुरती बाई मी ठेवतो."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "एवढा पगार हाय या कामाला?" ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले आणि मलाही गलबलून आलं.

मग नाक पुसून त्यांनी बजावलं, "बाय येऊ दे. पन माझी दाढी माधुरीच करनार."

"करीन की," मी म्हटलं. "रविवारी. शाळेला सुट्टी असते तेव्हा."