चिकट केस

न्हाणीघराचा नळ केव्हाच बंद झाला होता, पण ताई बाहेर येत नव्हती. धाकटीने दार वाजवलं.

"ताई, झालं का?"

आतून फक्त फणी ठेवल्याचा आवाज आला. रेडिओवर बातम्या वाचणारी ताई एरवी साबण संपला तरी आतून अख्ख्या घराला ऐकू जाईल असं ओरडायची. धाकटीने पुन्हा दार ठोठावलं.

"काय झालं? बोल तरी!"

"केस जातायत." ताईचा आवाज अगदी बारीक होता. "पुन्हा."

मोठ्या आजारात ताईचे सगळे केस गेले होते. उपचार संपले आणि कुठे आता बोटभर केस आले होते, मऊ, जावळासारखे. सोमवारी ती कामावर रुजू होणार होती. म्हणून धाकटीने हौसेने बाटलीतल्या शाम्पूऐवजी शाम्पूची वडी आणली. दुकानदारीण म्हणाली होती, एकदम नैसर्गिक, लहान बाळालाही चालेल. धाकटीने तिथेच पैसे देऊन टाकले.

"दार उघड. मी बघते."

"नको. तू बघितलंस की ते खरं होईल."

मग कडी निघाली. ताई टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसली होती. हातातल्या फणीत केसांचा पुंजका होता. उरलेले केस मेण लावल्यासारखे डोक्याला चिकटले होते.

"दुखणं परत आलंय," ताई म्हणाली. "मला कळतं."

धाकटीला रडू फुटणार होतं, पण तिने फणी हातात घेतली. दातांमध्ये करडा चिकटा भरला होता. तिने तो नखाने खरवडला. दुखण्याने केस गळतील, पण हा चिकटा कुठून आला? तिने केराच्या डब्यातून वडीचं वेष्टण काढलं, सरळ केलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. तेलांची नावं आणि खाली बारीक अक्षरात, हाताने बनवलेला साबण.

"ताई, हा शाम्पू नाहीच. साबण आहे."

"माझी समजूत काढू नकोस."

"थांब."

तिने स्वयंपाकघरातून एका वाटीत फिल्टरचं पाणी आणलं, दुसरीत नळाचं घेतलं. दोन्हींत वडीचा तुकडा घोळला. पहिल्या वाटीत फेस फुगला. दुसरीत फेस असा आलाच नाही, पाण्यावर नुसती पांढरी साय धरली. या भागातलं पाणी जड, क्षारांचं होतं, किटली महिन्याभरात आतून पांढरी व्हायची. त्या क्षारांत साबणाचा फेस न होता असा चिकटाच व्हायचा.

ताईने दुसऱ्या वाटीत बोट बुडवलं आणि चोळून पाहिलं. तोच चिकटपणा.

"आणि हे निघालेले केस?"

"चिकटलेल्या केसांत फणी ओढलीस. तुटले असतील." धाकटीने फणी खाली ठेवली. "तुटले असतील असं मला वाटतं. खात्री नाही. डॉक्टरांना आत्ताच फोन करते."

डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळी बोलावलं. ताईचं डोकं उजेडात नीट तपासलं. मुळं शाबूत होती, केस मधूनच तुटले होते. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून डोकं धुवा, म्हणाल्या, चिकटा सुटेल. बाहेर आल्यावर ताई पायरीवर बसली आणि पोटभर रडली. धाकटीने तिला रडू दिलं.

परतताना त्यांनी दुसरी वडी घेतली. या वेळी धाकटीने दुकानात उभं राहून वेष्टण दोन्ही बाजूंनी वाचलं. साबण नसलेली, जड पाण्यात चालणारी, वास नसलेली. मागचं गिऱ्हाईक चुळबुळ करत होतं, तिने लक्ष दिलं नाही.

घरी व्हिनेगरच्या पाण्याने चिकटा सुटला. मग ताईने मान पुढे केली. "तूच लाव. मला धीर होत नाही."

वडी डोक्यावर न घासता तिने ओल्या तळव्यांवर फिरवली, फेस केला आणि बोटांच्या पेरांनी हळूच लावला. भरपूर पाण्याने धुतला. मग एक बट चिमटीत धरली. बट मोकळी होती, चिमटीतून अलगद निसटली, एकही केस हातात आला नाही.

"काय गं, कसे झालेत?" ताईने खाली मानेनेच विचारलं.

"छान आहेत."

"मग पाणी बंद कर," ताई खणखणीत आवाजात म्हणाली. "नाकात चाललंय माझ्या!"