एकदम स्वच्छ आवाज

दादाला आवाज स्वच्छ हवा होता, मी स्वच्छच दिला. कुणी काही म्हणो, कामात मी कसूर ठेवली नाही.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. बाबांच्या मागे त्यांचं साउंडचं दुकान आम्हा दोघांकडे आलं. मिक्सर माझ्याकडे आणि खुर्ची त्याच्याकडे. कार्यक्रम कुठलाही असो, वायरी ओढायच्या मी, माइक लावायचे मी, शिट्ट्या मारणाऱ्या स्पीकरला गप्प करायचं मी. दादा पंख्याखाली बसून फोन घ्यायचा आणि घरी जाऊन आईला सांगायचा की आज मिक्सरवर कसा घाम गाळला. आईची नजर गेली आहे. तिचं जग म्हणजे घरी येऊन कुणी सांगेल ते, आणि सांगण्यात दादाचा हात कोण धरणार? मी खरं बोलले असते तर ती चुगली ठरली असती. म्हणून मी दातओठ खात गप्प राहिले. आईला एकदा तरी खरं कळावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते कळताना दादाचं तोंड बघायला मिळावं, हेही हवं होतं, उगाच खोटं कशाला बोलू?

मग व्यापारी मंडळाने त्याचा सत्कार ठरवला, मिक्सरवरचा जादूगार म्हणून. त्याने दुकानात माझ्यासमोरच भाषणाची तालीम केली. त्यात एक वाक्य होतं, "धाकटी बहीणही येते अधूनमधून, वायरी गुंडाळायला." तिथे तो थांबला आणि म्हणाला, इथे हशा येईल. मी म्हटलं, येईल की.

आईला जिने उतरणं जमत नाही, म्हणून तिला ऐकवायला व्हिडिओ करायचा होता. त्याने मला बजावलं, "आवाज एकदम स्वच्छ पाहिजे. खोकला, खुर्च्या, पोरांची रडारड, काही ऐकू येता कामा नये. फक्त मी."

हे त्याचे शब्द आहेत, माझे नव्हेत.

कॅमेरावाल्याला सगळे ढापण्या म्हणतात. त्याला मी सांगितलं की हॉल फार घुमतो, कॅमेऱ्याचा माइक बंद ठेव, सगळा आवाज माझ्याकडूनच घे. मिक्सरमधून निघणारा आवाज कॅमेऱ्याला झेपत नाही, तसाच दिला तर फाटतो. म्हणून मध्ये तो कमी करणारी डबी लावली. थोडी घरघर येत होती, ती कॅमेऱ्याला माझ्याच बोर्डावरून वीज दिल्यावर गेली. ढापण्याने हेडफोन लावून ऐकलं आणि मान डोलावली. बाबा असते तर पाठ थोपटली असती.

एक गोष्ट मात्र मी लावली नाही. मिक्सरला हॉल ऐकू येत नाही, माइकमध्ये शिरेल तेवढंच येतं. हशा आणि टाळ्या हव्या असतील तर लोकांकडे तोंड करून वेगळा माइक ठेवावा लागतो. बाबा त्याला टाळ्यांचा माइक म्हणायचे आणि तो कधी विसरायचे नाहीत. मीही विसरले नाही. आठवणीने पेटीतच ठेवला.

दादा बोलला मात्र झकास. लोक पोट धरून हसले, टाळ्यांनी छत दणाणलं. त्याच्या माइकमधूनही थोडंफार झिरपत होतं, म्हणून तो थांबला रे थांबला की मी कॅमेऱ्याकडे जाणारा आवाज उतरवायची, आणि बोलू लागला की चढवायची. हॉलला त्याचा पत्ताही नव्हता. ढापण्याने एकदा माझ्याकडे वळून पाहिलं, पण तो शहाणा माणूस, परत कॅमेऱ्याला डोळा लावून बसला. वायरींच्या वाक्यावर सगळा हॉल मागे वळून मला हसला. मी मान लववली आणि बटण शून्यावर नेलं. इतकं गार वाटलं, काय सांगू.

दुसऱ्या दिवशी दादाने आईच्या पलंगाशी टीव्ही लावला. वहिनी होती, मी होते. आवाज खणखणीत होता. पहिला विनोद झाला आणि पुढे चिडीचूप. दुसरा झाला, पुन्हा तेच. वहिनी नखं बघायला लागली. वायरींच्या वाक्यानंतर तर इतका वेळ काही वाजेना की स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला.

दादाचा चेहरा पडला. "लोक खूप हसले गं आई, टाळ्या थांबत नव्हत्या. विचार हिला."

आईने मला काहीच विचारलं नाही. तिने त्यालाच विचारलं, "टाळ्यांचा माइक कुठे ठेवला होतास रे?"

"कसला माइक?" दादा म्हणाला.

आई म्हणजे साउंडवाल्याबरोबर जन्मभर संसार केलेली बाई, तिला आणखी काही विचारायची गरज नव्हती. मग तिने हात पुढे केला. मला वाटलं, दादासाठी केला. तिने चाचपडत माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"ते वायरींचं काय म्हणालास," ती दादाला म्हणाली, "ते परत लाव. नीट ऐकू दे मला."

दादाने लावलं. संपल्यावर आई म्हणाली, "अजून एकदा."