भट्टीपुढची गरमी

सून पावाचे ट्रे घासत होती. नवरा बेकरीत भट्टीवर गेला होता आणि पाळण्यात दीड महिन्याचे बाळ कण्हत होते. त्याचे अंग पिवळे पडले होते, पोट फुगून टणक झाले होते.

"तुझं दूधच वाईट," सासूबाई म्हणाल्या. खरे काय ते या बाईला चांगले ठाऊक होते.

शेवटी दोघींनी बाळाला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे पोट चाचपले. "यकृत फार सुजलंय. याच्या वडिलांना कधी गरमी झाली होती?"

"झाली होती की!" सून चटकन म्हणाली. "लग्नाआधीच सांगितलं होतं सासूबाईंनी. भट्टीपुढचं काम ना! मी रोज त्यांच्या उशाशी गार पाणी ठेवते."

डॉक्टरीणबाईंनी सासूकडे पाहिले. सासू भिंतीकडे बघत बसली.

"ती भट्टीची गरमी नाही गं. बाहेरच्या संबंधातून लागणारा रोग आहे हा, त्यालाही गरमीच म्हणतात. नवऱ्याकडून तुला, तुझ्याकडून पोटातल्या बाळाला. गरोदरपणी रक्त नाही तपासलंस? वेळेवर इंजेक्शनं दिली असती तर बहुतेक हे टळलं असतं."

"सासूबाई म्हणाल्या, आधीच अशक्त आहेस, रक्त कशाला काढायचं?"

औषध सुरू झाले, पण यकृत कामातून गेले होते. त्याच आठवड्यात बाळ गेले.

सुनेने स्वतःचे उपचार पूर्ण केले. नवरा मात्र 'मला काय धाड भरलीय' म्हणत दवाखान्याची पायरी चढला नाही. घरच्यांनी तिलाच पांढऱ्या पायाची ठरवून माहेरी धाडले, घटस्फोटाचे कागद पाठवले आणि मुलासाठी दुसरी मुलगी शोधू लागले. लाज वाटायला हवी आपल्याला! सोने घेताना आपण घासून बघतो, जावई करताना त्याचे रक्त तपासा म्हणायला मात्र आपली जीभ रेटत नाही.

सून पोटभर रडली. मग तिला राग आला आणि तो तिने शांत होऊ दिला नाही. सासरचे एका शिंपीणबाईची मुलगी बघायला जाणार असल्याचे कळताच ती त्या दिवशी सकाळीच शिंपीणबाईंकडे पोचली आणि सगळे सांगून मोकळी झाली.

"रागानं बोलतेस तू," शिंपीणबाई म्हणाल्या.

"रागानंच बोलतेय. पण आज त्या गरमीबद्दल काय सांगतात, तेवढं कान देऊन ऐका." आणि ती आतल्या पडद्यामागे जाऊन बसली.

सासूबाई मुलाला घेऊन नाक वर करून आल्या. त्याच्या कष्टांचे गोडवे गाऊन झाल्यावर म्हणाल्या, "आम्हाला लपवाछपवी आवडत नाही हो. भट्टीपुढं काम, त्याच्या अंगात जरा गरमी असते."

शिंपीणबाईंनी पुढे केलेला पाण्याचा पेला मागे घेतला. पडदा सरकवून सून बाहेर आली.

"माझ्या आईलाही हेच सांगितलं होतं यांनी. शब्दन् शब्द."

नवऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले. सासू किंचाळली, "आमच्या अब्रूचे धिंडवडे काढतेस?"

"काढणार! माझं लेकरू मरत होतं आणि तुम्ही माझ्या दुधाला नावं ठेवत होतात."

शिंपीणबाईची मुलगी उठून सुनेच्या नवऱ्यासमोर उभी राहिली. "चला, आत्ता रक्त तपासून येऊ. मीही तपासते माझं."

तो चपला शोधू लागला. आई त्याच्या मागून धावली. दोघे जिना उतरत असताना सून कठड्यावरून वाकली आणि सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारले, "आता कुणाची मुलगी बघायला निघालात, सासूबाई? सांगून ठेवा. मी आधीच जाऊन बसते."