सतरा जांभया

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. घड्याळजी डोळ्याला लावतात ते. त्या शेवटच्या साध्या दिवशी आमच्या घड्याळजींनी मला मऊ फडक्यानं गोल गोल पुसलं, डबीत ठेवलं आणि टेबलावरच्या उघड्या घड्याळाला म्हणाले, "तुझं उद्या बघू हं." दुसऱ्या दिवशी त्यांना ताप चढला. न्यूमोनिया झाला होता. ते दुकानात परत आलेच नाहीत.

माझी काच घासून तयार झाली, तेव्हा कारागिरानं ती उजेडापुढं धरून मान डोलावली होती. पुढची चाळीस वर्षं घड्याळजींच्या उजव्या डोळ्यापाशी गेली. जिन्याखालची एवढीशी खोली, एक खिडकी आणि भिंतभर घड्याळं. प्रत्येकाचं आपलं वेगळंच काहीतरी चाललेलं. शाळा सुटली की त्यांची लेक स्टुलावर येऊन बसायची.

"बाबा, यातलं बरोबर कुठलं?"

"ज्याचा मालक घाईत आहे, ते."

पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. कधी कधी, काही कारण नसताना, त्यांच्या बोटांना मुंग्या यायच्या. हात गार पडायचे, ओठ बधिर व्हायचे आणि मग एकामागून एक जांभया. घामानं माझी काच धूसर व्हायची. ते मला पुसत बसायचे. थोड्या वेळानं सगळं ओसरायचं. जांभया देणारा माणूस घाबरलेला असेल, हे कोणाच्या मनात येणार?

लेकीचं कॉलेजातलं पहिलं भाषण होतं. मी त्यांच्या खिशात. सभागृह गच्च भरलेलं. दुसऱ्या रांगेत त्यांच्या जांभया सुरू झाल्या आणि ते उठून दाराशी गेले.

"घड्याळं उघडताना बरी झोप येत नाही तुम्हाला," घरी लेक म्हणाली.

"रात्री झोप झाली नव्हती गं."

त्यानंतर तिनं त्यांना कुठल्याच कार्यक्रमाला बोलावलं नाही.

परवा ती दुकान आवरायला आली. दुरुस्तीच्या वहीतलं अक्षर इतकं बारीक, की तिनं मला डोळ्याला लावलं. घड्याळांचे दोष वाचत वाचत ती शेवटच्या पानावर आली. 'मालक: मी स्वतः. दोष: बोटांना मुंग्या, ओठ बधिर, जांभया. डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत, हे घाबरण्याचे झटके. घरी सांगू नये, काळजी करतील.' खाली भाषणाची तारीख होती. 'जांभया सतरा. दाराशी उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. भाषण सुंदर. लेक रागावली.'

मित्रांनो, माझ्यासारख्या काचेला एक फडकं पुरतं. माणसाला मात्र जवळ बसून विचारावं लागतं, काय होतंय म्हणून.

लेकीनं मला पुसलं, अगदी तसंच, गोल गोल. मग रिकाम्या खुर्चीकडं बघत ती मोठ्यानं म्हणाली, "चुकलं माझं, बाबा. जांभयांचाच राग धरून बसले. तुम्ही दारात उभे होतात, ते दिसत होतं मला. तुमच्याकडं बघूनच बोलत होते मी."